पाखरांच्या दोन काकऱ्या

गेल्या साली आमच्या शिवारात ज्वारीचं वावर एकच होतं, आणि ते माझं होतं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "बाबा, औंदा काय पेरलं?" तर मी म्हणायचो, "जवारी. दुसरं काय?" समोरचा हसला तरी मला त्याचं काही वाटत नसे. कांदा लावा, कपाशी लावा, डाळिंब लावा, पण ताटातली भाकर आपल्या वावरातली पाहिजे, असं माझं मत होतं. अजून आहे. त्या मतापायी काय झालं ते लिहितो. शाळा दुसरीपर्यंत शिकलो, म्हणून जसं बोलतो तसंच लिहिणार.

आमचं गाव तिसगावच्या बाजाराचं. कोरडा मुलूख. पूर्वी पावसाळ्यात बाजरी आणि हिवाळ्यात ज्वारी, एवढंच पीक माणसाला ठाऊक. दसऱ्याच्या मागंपुढं पेरणीच्या पाभरी सुटायच्या आणि संक्रांतीला कुठंही उभं राहिलं तरी डोक्याच्या वर कणसं. प्रत्येकाच्या वावरात चार लाकडांचा माळा उभा असायचा आणि त्यावर त्या घरातलं कुणीतरी गोफण घेऊन. एकानं हाळी दिली की पाखरू उठायचं. ते पलीकडं उतरायच्या आत तिथला हाळी द्यायचा. मग त्याच्या पलीकडचा. असं हाळीवर हाळी देत आख्खा थवा डोंगराकडं लावून द्यायचा. राखण एकट्याची नव्हतीच, गावाची होती. पण तेव्हा तसं कुणी म्हणत नव्हतं. जो तो म्हणायचा, मी माझं वावर राखतोय.

आणखी एक रीत होती. बांधाच्या कडेला दोन काकऱ्या, म्हणजे दोन ओळी, लवकर येणाऱ्या गोड वाणाच्या पेरायच्या. त्या पाखरांच्या. तिथं गोफण फिरवायची नाही, हाळी द्यायची नाही. माझा बाप पेरताना कडेला आला की पाभरीच्या चाड्यातलं, म्हणजे नरसाळ्यातलं, बी बदलायचा आणि म्हणायचा, "ही त्यांची." बांधोबांध अशा काकऱ्या असायच्या. थवा आला तरी थोडं या बांधाला, थोडं त्या बांधाला टिपायचा. मधल्या पिकात तोंड घालायची त्याला गरज पडत नसे. एका घराचं असं नुकसान होत नसे.

पुढं बोअर आले, शेततळी आली. कांद्यानं गावात स्लॅबची घरं उभी केली, पोरींची लग्नं लावली, हे मी नाकारत नाही. ज्वारी विकून कुणी मोटारसायकल आणलेली मी पाहिली नाही. एकेकानं वावर मोडलं आणि वाफे पाडले. ज्यांच्याकडं पाणी नाही ते दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला जाऊ लागले, त्यांची वावरं पडीक. ज्वारी उपटायला माणूस मिळेना. उपटणं अंगाला लई कठीण, हाताची सालं निघतात. कांद्याच्या लागणीला बायका बसून काम करतात आणि रोजही बरा पडतो. मग ज्वारीला कोण येणार?

माझा मुलगा नागापूरला एमआयडीसीत कामाला आहे. खोली घेऊन तिथंच राहतो, रविवारी मोटारसायकलवर घरी येतो. शेत खरं तर सूनच बघते. बोलायला चलाख आणि कामाला वाघीण. वरच्या दोन्ही वावरांत तिनं कांदा केला, तिथं मी बोललो नाही. राहिलं खालचं काळं रान. ओल धरून ठेवणारं, एका पावसावर ज्वारी देणारं. ते मी सोडत नव्हतो.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जेवताना विषय निघाला.

"मामा, जवारी दुकानात मिळती," सून म्हणाली. "कांदा इकून जवारी घेता येती. जवारी इकून काय घेणार?"

"दुकानात येती कुठून?"

"सोलापुराकडून येती."

"त्यांनी बी उद्या कांदा लावला मंग?"

"मंग गव्हाच्या पोळ्या खाऊ की," ती म्हणाली आणि हसली. मुलगाही हसला. माझी बायको हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला, म्हणजे आतून हसलीच असेल.

मी म्हणालो, "गेल्या साली तुझा कांदा चाळीत सडला, तवा वास कुणाच्या नाकात जात हुता? उकिरड्यावर कुणी टाकला? म्या."

मुलगा हात धुऊन आला आणि सबुरीनं बोलला. "आण्णा, भांडायचं कशाला. औंदा पेरा तुमची जवारी. वरसाचं खायाला घरात आली, तर ते वावर तुमी हाय तोवर तुमचं, पुन्हा कुणी बोलणार न्हाई. न्हाई आली, तर तिथं ड्रीप टाकू."

"कबूल," मी म्हणालो. "शब्द हाय माझा."

मला खात्री होती. त्या रानानं मला कधी उपाशी ठेवलं नव्हतं.

पेरणीला मी माझीच बैलजोडी जुंपली. पाभरीमागं बायको होती, चाड्यावर मूठ तिचीच. लग्न झाल्यापासून तिच्याच मुठीनं पेरलंय, एक दाणा जास्त पडत नाही. शेवटाला बांधाकडं आलो तेव्हा मी गोड वाणाचं गाठोडं सोडलं. तिनं मूठ आवरली.

"अवं, औंदा त्या काकऱ्या ऱ्हाऊ द्या."

"का?"

"आता कुणाच्याच बांधाला न्हाईत. सगळी पाखरं हितंच येतील."

"तू शिकवणार का मला? बापाच्या वक्तापासनं पेरतोय."

"तवा समद्यांच्या हुत्या," ती म्हणाली.

मी बैलांना हाकललं. तिनं गप पेरलं. बैल चालले की मागच्याला चालावंच लागतं.

पीक मात्र असं आलं की बघत राहावं. हस्ताचा पाऊस बेतानं झाला होता. कणीस पोटरीत आलं तेव्हा ताटं, म्हणजे धाटं, मनगटाएवढी. गाड्या थांबवून लोक बघायचे. शेजारच्या बांधाचा कांदेवाला, माझ्या पुतण्याच्या वयाचा, त्यानं मोबाईलवर माझा फोटो काढला. "बाबा, शेवटचा जवारीवाला म्हणून स्टेटसला लावतो," तो म्हणाला. मी फेटा नीट करून उभा राहिलो. त्याला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा समजलं नाही असं नाही. पण फोटो काढू दिला.

बांधाकडच्या काकऱ्या आधी निसवल्या, म्हणजे कणसं बाहेर पडली, आणि आधी भरल्या. आणि भोरड्या आल्या. हे पाखरू हिवाळ्याचं पाहुणं, काळं आणि गुलाबी, साळुंकीएवढं. पहिल्या दिवशी मूठभर आल्या. माझ्या काकऱ्यांवर बसल्या, टिपल्या, उडाल्या. मी बायकोला म्हणालो, "बघ. मधल्या पिकाला चोच लावली का?" दुसऱ्या दिवशी जास्त आल्या. मग तळ्याच्या बाभळीवरच मुक्काम केला. काकऱ्या चार-पाच दिवसांत साफ झाल्या, आणि त्यांना आमचं वावर चांगलं माहीत झालं.

मधल्या पिकात तेव्हा नुकता चीक भरत होता. सकाळी ऊन पडायच्या आत थवा यायचा. आधी आवाज यायचा, लांबून पाण्याचा लोंढा यावा तसा, आणि मग अंगणातली चादर झटकावी तसा तो आभाळात वळायचा आणि वावरावर पडायचा. ताटं वाकायची. दाणा जेवढा खाल्ला त्याच्यापेक्षा जास्त खाली झडायचा. भोरड्यांच्या मागं राघू, राघूंच्या मागं चिमण्या, खाली झडलेल्यावर कबुतरासारखे व्हले. शिवारात दुसरीकडं टिपायला काही नव्हतं. कांद्याच्या पातीत पाखराला काय मिळणार? डाळिंबावर जाळ्या. राहिलो मी.

मी माळा बांधला. लाकडं माझीच, गोफणही माझीच, दोर नवा वळला. या वयातही माझा दगड जिथं सांगेन तिथं जातो. पहिले दोन दिवस मी थव्याला वरच्या वर फोडलं. दुपारी शेजारचा कांदेवाला बांधावर आला. त्यानं नवीन सोलरचा पंप बसवला होता, त्याच्या काळ्या पाट्या माझ्या वावराकडं तोंड करून उभ्या.

"बाबा, गोफण बंद करा."

"तुझ्या बापानं अशीच गोफण फिरवली या बांधावर."

"त्याच्या वक्ताला बांधावर सोलर नव्हतं. एक दगड बसला तर पाटीच्या ठिकऱ्या. आता ही बघा." त्यानं माझाच एक दगड खिशातून काढून दाखवला. "पाटीच्या पायाशी घावला."

"पाखरं खात्यात ते बघ की."

"बघतोय. पन माझ्या पाट्यांनी तुमची जवारी खाल्ली का?"

दुसऱ्या बाजूला रोपवाटिकेचं शेडनेट, तिसऱ्या बाजूला डांबरी रस्ता, त्यावर सारखे टेम्पो. दगड टाकायला मोकळी दिशा म्हणून राहिली नव्हती. मी गोफण गुंडाळून कमरेला बांधली आणि पत्र्याचा डबा घेतला.

डबा वाजवला की थवा उठायचा आणि वावराच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा. तिकडं पळत गेलो की इकडं. म्हणून बायको पलीकडच्या कोपऱ्याला ताट आणि पळी घेऊन उभी राहिली. मी इकडून "हाऽऽहूऽऽ", ती तिकडून. आमच्या दोघांच्या मध्ये पाखरं हिंडत राहिली. पूर्वी तिच्या पलीकडं दुसरा माळा असायचा, त्याच्या पलीकडं तिसरा. आता आमची हाळी कुणी पुढं नेत नव्हतं. पलीकडच्या वावरात कांदा लावणाऱ्या बायका ओळीनं बसलेल्या, त्यांना आमचं हसू येई. कुणी एकजण ओरडली, "आजी, आमालाच हाकलताय व्हय!" बायकोनंही उत्तर दिलं, "तुमाला हाकलून काय, तुमी कुठं जवारी खाताय!" आणि त्या सगळ्या हसल्या. बायकोही हसायची आणि पुन्हा ताट वाजवायला लागायची. पण मी पाहिलं, ओरडून झालं की ती गळ्याला हात लावायची.

रविवारी मुलगा चमकणाऱ्या पट्ट्या घेऊन आला, लाल-चंदेरी. काठ्या रोवून बांधल्या. वाऱ्यावर त्या फरफरायच्या. एक दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी एक भोरडी त्याच काठीवर बसून चोच पुसत होती. मग त्यानं छोटा स्पीकर पाठवून दिला, त्यात ससाण्याचा आवाज भरलेला. सुनेनं तो लावला. आमचा कुत्रा घाबरून घरात पळाला, पाखरू हललं नाही.

"मामा, मी लागन सोडून येऊ का दोन दिवस?" तिनं विचारलं. खरं मनानं विचारलं, टोचून नाही.

"तुझी लागन कर," मी म्हणालो. "मी हाय."

का असं म्हणालो ते आता विचारू नये. तिच्या मदतीनं ज्वारी आली असती, तर ती माझी म्हणता आली नसती, असं तेव्हा वाटलं.

बायकोचा आवाज गेला. एका सकाळी कोपऱ्यावर ती उभी दिसली, तोंड उघडलेलं, हात वर केलेला, पण ऐकू आलं ते फक्त पळीचं. मला वाटलं वारा उलटा आहे. जवळ गेलो तर तिच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. तिसगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि बोलू नका म्हणाला, अजिबात बोलू नका. घरी थांब म्हणालो तर मान हलवली आणि ताट घेतलं. माझ्यापेक्षा तीच जास्त हट्टी आहे, हे गावात कुणाला माहीत नाही. आवाज पुढं परत आला, पण पूर्वीचा नाही. अजून बोलताना मधेच फाटतो, आणि मी दुसरीकडं बघतो.

हुरड्याच्या दिवसांत मी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. फुंकर मारल्यावर हातावर हिरवे दाणे राहायला पाहिजेत. हातावर काही राहिलं नाही. दुसरं मोडलं. त्यात चार दाणे, तेही चोचीनं चिरलेले. मी वावरात आत आत गेलो. वरून बघितलं तर कणसं होती, उभी होती, रस्त्यावरून जाणाऱ्याला पीक भरघोस दिसत होतं. मधोमध उभं राहून मी कणसं चोळत राहिलो. मग बायको ताट वाजवत होती ते थांबलं. ती आली, माझ्या हाताकडं बघितलं, आणि तिनं माझे हात खाली केले.

तरी आम्ही राखण सोडली नाही. का, ते सांगता येत नाही. रोज सकाळी जायचो. एके दिवशी पाखरू आलंच नाही. वावरात खायला काही उरलं नाही हे त्यांना आमच्या आधी समजलं.

कडब्याचा व्यापारी रस्त्यानं चालला होता, थांबला. उभं पीक बघून खूश झाला. म्हणाला, "बाबा, दाणा जाऊ द्या, कडबा एक नंबर हाय. दुधवाल्यांना पायजेच." कांदेवाला बांधावरून म्हणाला, "बघा, कडब्याचं पीक घेतलं बाबांनी!" मग माझं तोंड बघून तो खाली बघू लागला, आणि संध्याकाळी न बोलावता माझ्याबरोबर ताटं उपटायला आला. मी त्याला नको म्हणालो. तो गेला नाही. मीही पुन्हा म्हणालो नाही.

तो, मी आणि बायको. काळ्या रानातली ताटं मुळासकट येतात, कंबर मोडते. पेंढ्या बांधताना कणसं माझ्या तोंडावर यायची, हलकी, मोरपिसासारखी. भरलेलं कणीस तोंडावर आलं की लागतं.

रविवारी मुलगा आला. पेंढ्यांच्या गंजीशेजारी उकिडवा बसला, एक कणीस उचललं, फिरवून फिरवून बघितलं. त्याला काय वाटलं माहीत नाही, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "आण्णा, एक वरीस गेलं तर गेलं. फुडच्या साली परत पेरा. माझं काय म्हननं न्हाई."

सून पाठीमागं उभी होती. तीही म्हणाली, "व्हय मामा. आपन समदे राखू."

आता इथं माझं नाक आड आलं. त्यांनी मला जिंकू दिलं असतं तर चाललं असतं, त्यांनी माझी कीव केली ते मला चाललं नाही. मी म्हणालो, "शब्द दिला हुता का न्हाई? वरसाचं खायाला आली का घरात? न्हाई आली. मंग वावर तुमचं. पुन्हा विषय काढू नका."

"आण्णा, ह्यात शब्दाचं काय..."

"शब्दाचंच हाय."

बायकोला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. ज्या तोंडानं काकऱ्या पेरायला लावल्या त्याच तोंडानं वावर देऊन टाकलं, दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही.

पेंढ्या उचलताना तळात काही ताटं वाऱ्यानं आडवी पडलेली सापडली. त्यांची कणसं मातीकडं तोंड करून होती, पाखरांना दिसली नव्हती. भरलेली, टपोरी, मोत्यासारखी. आम्ही दोघांनी सगळं वावर चाळून अशी कणसं गोळा केली. बडवून, पाखडून माझ्या उपरण्याच्या एका टोकात मावेल एवढी ज्वारी निघाली.

हे बी होतं. आमच्या घरातलं बी बाहेरून कधी आणलेलं नाही. दर साली चांगली कणसं निवडून आढ्याला टांगायची आणि पुढच्या साली तीच पेरायची. बाप तेच पेरत होता, त्याचा बाप तेच. आधीच्या सालचं होतं ते सगळं मी पेरून टाकलं होतं, भरवसाच तेवढा होता. म्हणजे त्या वाणाचं जे काही जगात उरलं ते त्या उपरण्यात. बायकोनं ते गाठ मारून आढ्याकडं हात केला. टांगू का, असं विचारत होती.

मी म्हणालो, "पेरायचं कुठं?"

ती तशीच उभी राहिली. हात वर होता.

"दळून आन," मी म्हणालो.

ती गेली नाही. तेव्हा सून आली, तिनं गाठोडं घेतलं, सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मामा, खरंच?" मी मान हलवली. ती गिरणीत गेली. गिरणीवाला एवढंसं दळण बघून चेष्टा करत होता म्हणे, ह्यानं जात्याचं पोट बी भरत न्हाई. सून त्याच्यावर ओरडली, आणि तो गप झाला. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

भाकरी बायकोनं केल्या. मोजक्याच झाल्या, सगळ्यांना अर्धी-अर्धी. बरोबर ठेचा आणि वरच्या वावरातला कांदा. मुलगा नागापूरला निघायचा होता, तो थांबला. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, आणि चवीला थोडी गोडच. दुकानातल्या ज्वारीची अशी होत नाही. सून चावता चावता थांबली.

"मामा, लई गोड लागती वो."

"व्हय," मी म्हणालो.

बायकोनं तिच्या वाट्याची भाकर खाल्ली नाही. ती तशीच ताटात ठेवून ती उठली, हात धुतले, आणि बाहेर बैलांना पेंढी टाकायला गेली. मुलानं ती भाकर माझ्या ताटात सरकवली. मी परत तिच्या ताटात ठेवली.

मग मी त्याला विचारलं, "ट्रॅक्टर कधी सांगितलाय?"

तो म्हणाला, "सांगितला न्हाई अजून."

"सांग," मी म्हणालो. "रान वाळायच्या आत नांगरून घे. काळी माती हाय, वाळली की ढेकळं निघतील, मंग ड्रीप नीट बसायची न्हाई."